प्रवाळाची मशीद आणि परागंदा राजा

एखाद्याच्या दारिद्र्याचे वर्णन करताना आपण सहज म्हणून जातो, 'त्याच्याजवळ फुटकी कवडीसुद्धा नाही.' ही कवडी मूळची कोठली, याचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. हिंदुस्थानच्या बाजारांत, विशेषतः बंगालमध्ये, शतकानुशतके सुटे नाणे म्हणून ज्या कवड्या चालल्या, त्यांतील फार मोठा वाटा मालदीव बेटांभोवतीच्या उथळ समुद्रातून येत असे. तेथील लोक कवड्या गोळा करून किनाऱ्यावरील खड्ड्यांत पुरून ठेवीत. आतला जीव कुजून गेला की पांढरीशुभ्र कवडी हाती येई. मग गलबते भरून कवड्या बंगालकडे जात आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ येई. कवडीच्या जोडीला माडाचा काथ्या. जहाजांचे दोर वळण्यासाठी या काथ्याला अरबांपासून पोर्तुगीजांपर्यंत सर्वांची मागणी होती. कवडी आणि काथ्या या दोन गोष्टींनी या चिमुकल्या बेटांना जगाच्या व्यापारात ओढले. आणि व्यापाराच्या मागोमाग आरमारे आली.

हा देश पाहण्याचा योग आम्हाला अलीकडे आला. मालदीवला जाणारे बहुतेक प्रवासी विमानतळावरून थेट एखाद्या पर्यटन-बेटावर जातात आणि निळे पाणी पाहून परततात. आम्ही मात्र राजधानी माले येथे मुक्काम केला. माले हे बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या तासात चालून संपते. अरुंद गल्ल्या, दुचाक्यांची गर्दी, धक्क्यावर उतरणारी ताजी मासळी. कोळीवाड्याशी परिचय असलेल्या माणसाला हा देखावा परका वाटत नाही. परके वाटले ते निराळ्याच गोष्टीमुळे. मुक्कामात रविवार आला, पण मिस्सा नव्हती. संपूर्ण देशात एकही ख्रिस्तमंदिर नाही आणि इस्लामखेरीज अन्य धर्मांच्या सार्वजनिक उपासनेला तेथे मुभा नाही. २००८ च्या राज्यघटनेनुसार मुसलमान नसलेल्या व्यक्तीला मालदीवचे नागरिकत्व मिळू शकत नाही. आम्ही खोलीचे दार लावून हळू आवाजात रोझरी म्हटली. ज्यांच्या धर्मग्रामात पहाटे चर्चची घंटा वाजल्यावाचून दिवस उजाडत नाही, त्यांना ही शांतता जड जाते. तिचे मूळ शोधण्यासाठीच जणू आम्ही दुसऱ्या दिवशी 'हुकुरु मिस्की' पाहावयास गेलो.

शुक्रवारची मशीद

'हुकुरु मिस्की' म्हणजे शुक्रवारची मशीद. नाव कानाला अपरिचित वाटले, तरी त्यात आपल्याच घरचा एक शब्द दडलेला आहे. मालदीवची दिवेही भाषा सिंहली भाषेची बहीण आणि म्हणून मराठीचीही दूरची नातेवाईक. तेथे अनेक शब्दांत 'स'चा 'ह' झाला. त्यामुळे 'शुक्र'चा 'हुकुरु' झाला आणि 'सोम'चा 'होम'. आदित्य, अंगार, बुध, बृहस्पती ही नावे वारांच्या रूपाने आजही तेथे नांदतात. अरबी धर्म आणि संस्कृत कुळातला वार एका नावात असे शेजारी बसले आहेत.

मशीद १६५६ ते १६५८ या काळात सुलतान इब्राहिम इस्कंदर पहिला याने बांधली. आवाराजवळचा पांढरा, गोल, ठेंगणा मनोरा त्यानेच हज यात्रेहून परतल्यानंतर १६७५ साली उभारला. बाहेरून पाहता इमारत फारशी भव्य नाही. घुमट नाही, कमानींची रांग नाही. जवळ गेल्यावर मात्र पाऊल थबकते. भिंती प्रवाळाच्या आहेत. समुद्रातील प्रवाळाचे मोठे खडक ओले असताना करवतीने कापता येतील इतके मऊ असतात. वाऱ्याउन्हात वाळले की ते कठीण होतात. असे चिरे कापून, घासून, एकमेकांत खाचा आणि जिभा बसवून या भिंती रचल्या आहेत. मध्ये चुना नाही, माती नाही. लाकडाचे सांधे जोडावेत तसे दगडाचे सांधे जोडले आहेत. नावा बांधणाऱ्या सुतारांच्या देशात गवंडीकामही सुताराच्या बुद्धीने झाले. प्रत्येक चिऱ्यावर वेलबुट्टी आणि अक्षरे कोरलेली आहेत. आत लाखेचे रंगकाम केलेले खांब आणि पायरीपायरीने वर चढत जाणारे लाकडी छत आहे. तेराव्या शतकातील एक लांबलचक कोरीव फळी या बेटांवर इस्लाम आल्याची आठवण सांगते.

मुसलमान नसलेल्यांना आत जाण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. ती आम्ही घेतली, नमाजाची वेळ टाळली, पादत्राणे उतरवली आणि आत गेलो. आत एक गोष्ट लक्षात आली. गालिच्यावरील ओळी भिंतींना समांतर नाहीत, तिरप्या आहेत. इमारतीचे तोंड सरळ पश्चिमेला आहे. मक्का मात्र मालेहून वायव्येला पडते. त्यामुळे नमाज पढणारे इमारतीच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. येथे पूर्वी मावळतीकडे तोंड केलेले मंदिर होते आणि त्याच्याच पायावर मशीद उभी राहिली, असे सांगितले जाते. पाया बदलला नाही. उपासकांनी दिशा बदलली.

आवारात सुलतानांची आणि सरदारांची थडगी आहेत. शिळा प्रवाळाच्याच. पुरुषांच्या थडग्यांवरील शिळांना टोक असते, स्त्रियांच्या शिळा वरून गोल असतात. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चांच्या फरशीवर पोर्तुगीज उमरावांच्या नावांचे दगड आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. उपासनेच्या जागेशेजारी आपल्या मृतांना ठेवण्याची माणसाची ओढ सर्व धर्मांत सारखीच.

बाराव्या शतकातील धर्मांतर

मालदीवचे लोक पूर्वी बौद्ध होते. ११५३ साली तेथील राजाने इस्लाम स्वीकारला आणि प्रजाही त्याच्या मागे गेली, असे परंपरा मानते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३ साली कालिकतहून मालदीवला गेला. तेथे तो काजी झाला आणि त्याने तेथेच लग्नेही केली. त्याने या धर्मांतराची कथा लिहून ठेवली आहे. दर महिन्याला समुद्रातून एक पिशाच येई. त्याच्यासाठी एका कुमारिकेला किनाऱ्यावरील देवळात ठेवावे लागे. अबुल बरकात नावाचा परदेशी सत्पुरुष मुलीऐवजी स्वतः देवळात राहिला आणि रात्रभर कुराणाचे पठण करीत बसला. पिशाच परत फिरले ते कायमचे. हे पाहून राजाने त्याचा धर्म स्वीकारला. त्या सत्पुरुषाची कबर म्हणून मानली जाणारी जागा मशिदीच्या समोरच आहे.

कथा सुंदर आहे. निःशस्त्र माणसाने दुसऱ्याच्या लेकराच्या जागी स्वतःला उभे केले, हे कोणाही ख्रिस्ती वाचकाच्या मनाला भिडेल. पण इतिहास कथेजवळ थांबत नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीचे जे ताम्रपट मालदीवमध्ये सापडले आहेत, त्यांपैकी इसदू बेटाचा ताम्रपट वेगळीच हकीकत सांगतो. दक्षिणेकडील बेटांवरील बौद्ध भिक्षूंना मालेला आणून त्यांचा शिरच्छेद केल्याची आणि त्यांच्या विहारांच्या जागी मशीद उभारल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे श्रद्धेच्या रात्रीमागोमाग सत्तेचा दिवस उजाडला. त्या जुन्या धर्माच्या ज्या थोड्या मूर्ती मालेच्या संग्रहालयात उरल्या होत्या, त्याही ७ फेब्रुवारी २०१२ रोजी राजकीय गोंधळात जमावाने फोडल्या.

हे वाचून आपल्यापैकी कोणाच्या मनात 'पाहा, त्यांचा धर्म असा पसरला' असा विचार येईल, तर त्याने क्षणभर थांबावे. पुढची हकीकत आपली आहे.

कोचीनचा बाप्तिस्मा

सोळाव्या शतकाच्या मध्यास मालदीवच्या गादीवर सुलतान हसन नववा होता. वयाने तरुण आणि दरबारातील बेबनावाने त्रस्त. तो बेटे सोडून कोचीनला पोर्तुगीजांच्या आश्रयास आला. तेथे येशूसंघाचे फादर आंतोनियो द हेरेदिया यांनी त्याला धर्मशिक्षण दिले आणि १ जानेवारी १५५२ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. तो 'दोम मानुएल' झाला. त्याच जानेवारी महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर जपानहून कोचीनला परतले. राजाच्या बाप्तिस्म्याची वार्ता त्या दिवसांत कोचीनभर असणार.

या तरुण राजाच्या अंतःकरणात काय होते, ते देवालाच ठाऊक. त्याची श्रद्धा खोटी होती असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. राज्य गेले तरी तो ख्रिस्ती राहिला आणि ख्रिस्ती म्हणूनच मेला, एवढे खरे. पण बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर एक राजकीय दावाही वाहू लागला. दोम मानुएल हा मालदीवचा कायदेशीर राजा. त्याच्या प्रजेने त्याला मानावे, खंडणी पाठवावी, नाहीतर पोर्तुगीज आरमार येईल. प्रजेने त्याला मानले नाही. धर्म सोडलेला राजा आमचा राजा नव्हे, असे म्हणून त्यांनी दुसरा सुलतान निवडला. आणि आरमार खरोखरच आले.

संत झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रांतून वारंवार एक तक्रार केली होती. पोर्तुगीज अधिकाऱ्यांचा लोभ आणि त्यांचे वर्तन हाच सुवार्तेच्या मार्गातील मोठा अडथळा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मालदीवमध्ये जे घडले, त्याने या तक्रारीला जणू पुरावाच पुरवला.

पंधरा वर्षे

आम्ही आवारातील एका झाडाच्या सावलीत बसलो असता एक तरुण शिक्षक आमच्याशी बोलू लागला. इतिहास हा त्याचा आवडीचा विषय. हिंदी आणि इंग्रजी मिसळून तो मोठ्या उत्साहाने सांगत होता. १५५८ साली पोर्तुगीजांची जहाजे मालेवर आली. सुलतान अली सहावा याला गादीवर बसून काही महिनेच झाले होते. तो लढता लढता पडला. जेथे पडला तेथेच त्याचे थडगे बांधले. मालेचे लोक त्याला शहीद मानतात. त्यानंतर दोम मानुएलच्या नावाने एक कप्तान बेटांवर राज्य करू लागला. मालदीवच्या बखरींत त्याचे नाव 'अंदिरी अंदिरिन' असे आहे.

बोलता बोलता त्या तरुणाची नजर आमच्यापैकी एकीच्या गळ्यातील क्रुसाकडे गेली. तो एकदम गप्प झाला. मग संकोचाने म्हणाला, "माफ करा. तुम्ही ख्रिस्ती आहात, हे माझ्या लक्षात आले नाही. तुम्हाला हे ऐकायला बरे वाटणार नाही."

आम्ही म्हटले, "सांगा. हा आमचाही इतिहास आहे."

त्याने पुढे सांगितले. अंदिरिनच्या अमलात लोकांचा छळ झाला. धर्म बदलण्याची सक्ती होऊ लागली. उत्तरेकडील उतीमु बेटावर मुहंमद ठाकुरुफानु आणि त्याचे दोन भाऊ अली व हसन यांनी बंड उभारले. 'कल्हुओफुम्मि' नावाची नाव त्यांनी बांधली. रात्री एखाद्या बेटावर उतरायचे, पोर्तुगीजांच्या माणसांवर छापा घालायचा आणि पहाटेपूर्वी समुद्रात नाहीसे व्हायचे, अशी त्यांची रीत. हे युद्ध वर्षानुवर्षे चालले. भाऊ अली पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. कण्णूरच्या अली राजाची मदतही बंडवाल्यांना मिळाली. अखेर १५७३ साली एका रात्री ठाकुरुफानुने मालेवर हल्ला केला आणि अंदिरिन मारला गेला. लोकांनी दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती व्हावे अथवा मरावे असा हुकूम निघाला होता आणि त्याच्या आदल्याच रात्री हा छापा पडला, असे तेथील परंपरा सांगते. रबिउल अव्वल महिन्याची पहिली तारीख मालदीवचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळली जाते, ती याच विजयाची आठवण म्हणून. लढा जिंकणारा ठाकुरुफानु पुढे स्वतः गादीवर बसला.

ही हकीकत विजयी पक्षाच्या परंपरेतून आलेली आहे, हे आम्ही विसरत नाही. बखरींत शत्रू अधिक काळा आणि वीर अधिक तेजस्वी होतोच. आपल्या मराठी बखरी वाचणाऱ्यांना हे सांगावयास नको. तरीही मूळ गोष्ट शिल्लक राहते. पंधरा वर्षे एका लोकसमूहावर क्रुसाचे निशाण लावलेल्या सत्तेने राज्य केले आणि त्या पंधरा वर्षांतून मागे एकही वेदी, एकही कुटुंब, एकही प्रार्थना उरली नाही. उरला तो एक राष्ट्रीय दिन. आपल्या धर्मापासून सुटका झाली, याचा आनंद साजरा करणारा.

पराभवानंतरही दोम मानुएल आणि त्याचे वंशज कोचीनला आणि नंतर गोव्यात 'मालदीवचे राजे' म्हणून राहत होते. बेटांच्या उत्पन्नातील काही भाग त्यांना मिळावा, असा समेटही झाला. याची माहिती आपल्याला एका फ्रेंच खलाशाच्या ग्रंथातून मिळते. फ्रांस्वा पिरार याचे जहाज जुलै १६०२ मध्ये मालदीवच्या खडकांवर फुटले. तो पाच वर्षे तेथे राहिला, दिवेही भाषा शिकला, आणि १६०७ साली बंगालकडून आलेल्या एका धाडीमुळे सुटला. पुढे तो गोव्याला पोहोचला, तेथल्या राजेशाही रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले आणि त्याने त्या रुग्णालयाची तोंड भरून स्तुती केली. पिरार कॅथलिक होता. ज्या बेटांवर तीस वर्षांपूर्वी कॅथलिक सत्तेविरुद्ध रक्त सांडले होते, त्याच बेटांवर या एकट्या, निःशस्त्र कॅथलिकाला राजाकडून अन्न आणि आश्रय मिळाला. त्याच्यामागे आरमार नव्हते, म्हणून त्याची भीती नव्हती. त्याने लिहून ठेवलेली माहिती मालदीवचे अभ्यासक आजही जपतात.

वसई आणि माले

मालेच्या त्या आवारात बसून वसई आठवल्यावाचून कशी राहील? गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. येथेही देवळे पडली. येथेही सक्ती आणि आमिष यांच्या हकीकती आहेत. त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. येथेही किल्ला होता, तोफा होत्या, कप्तान होता. दोनशे पाच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे तो किल्ला शरण गेला आणि पोर्तुगीज जहाजांत बसून निघून गेले.

पण वसईचा ख्रिस्ती माणूस गेला नाही. शरणागतीच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली होती. विजेत्यांचे हे औदार्य आपण कृतज्ञतेने आठवले पाहिजे. आणि तेवढीच दुसरी गोष्टही आठवली पाहिजे. तोवर ही श्रद्धा किल्ल्यातून बाहेर पडून वाड्यांत, शेतांत, विहिरींवर, पाळण्याच्या गाण्यांत आणि मर्तिकाच्या विलापांत शिरली होती. ती सामवेदी बोलत होती, वाडवळी बोलत होती. तिला या मातीतले धर्मगुरू मिळाले होते. किल्ल्यातील चर्चांची छपरे कोसळली आणि भिंतींवर वड-पिंपळ उगवले. पण किल्ल्याबाहेरच्या गावांत संध्याकाळची प्रार्थना चालू राहिली. तिला राखण्यासाठी तोफ लागली नाही.

मालेत याच्या नेमके उलटे झाले. तेथे श्रद्धा कोणाच्या घरात शिरलीच नाही. ती आली ती राजाच्या दाव्याबरोबर, कप्तानाच्या हुकुमाबरोबर आणि काथ्या-कवडीच्या हिशेबाबरोबर. कप्तान पडला आणि सारे त्याच्याबरोबर गेले. किल्ल्याच्या आश्रयाने राहणारा धर्म किल्ल्याबरोबर मोडतो. हे वाक्य लिहावयास सोपे आहे. मालेच्या त्या शांत रविवारनंतर ते आम्हाला पहिल्यांदा कळले.

येथे आणखी एका वसईकराची आठवण होते. अंदिरिनची जहाजे मालेला निघाली, त्या सुमारास वसईत गोन्सालो गार्सिया नावाचे बाळ पाळण्यात होते. बाप पोर्तुगीज, आई येथली. तरुणपणी तो जपानला गेला, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसाला बांधून भाल्यांनी भोसकला गेला. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून गौरवले. कप्तान आणि बंधू, दोघेही एकाच शतकातले. दोघांच्याही मागे क्रूस होता. एकाने तो ध्वजावर चढवला, दुसरा त्याच्यावर चढला. वसईच्या लोकांनी वेदीवर कोणाला ठेवले, हे वाचकांना सांगावयास नको.

दिशा बदलण्याचे धैर्य

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने अन्य धर्मांविषयीचा आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात मुसलमान बांधवांविषयी आदर व्यक्त करून, भूतकाळातील वैर मागे सारून परस्परांना मनापासून समजून घेण्याचे आवाहन करण्यात आले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या सेवेसाठी म्हणून ख्रिस्तसभेच्या लेकरांनी वापरलेल्या बळजबरीबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. पुढच्याच वर्षी, ६ मे २००१ रोजी, त्यांनी दमास्कसच्या उमय्यद मशिदीत पाऊल ठेवले. मशिदीत प्रवेश करणारे ते पहिले पोप. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस आणि अल-अझरचे प्रमुख इमाम यांनी अबू धाबी येथे मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या.

काही वाचक विचारतील, 'आम्ही क्षमा मागतो. पण तेथे आमच्या माणसांना मिस्सेचीही मोकळीक नाही, त्याचे काय?' प्रश्न रास्त आहे. मालदीवच्या हॉटेलांत, दवाखान्यांत आणि बांधकामांवर भारत-श्रीलंकेतील अनेक ख्रिस्ती लोक राबतात. त्यांचा रविवार आमच्या त्या रविवारसारखाच जातो. उपासनेचे स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे आणि तो मागताना आपण संकोचू नये. पण हा हक्क मागणाऱ्याने स्वतःचा इतिहास आधी मोकळेपणाने वाचलेला असावा. नाहीतर ती मागणी समोरच्याच्या कानाला अंदिरिनच्या हुकुमासारखी ऐकू येते.

नात्यांचे नवे धागेही जुळत आहेत. समुद्राची खारी हवा प्रवाळाचा दगड झिजवते. या मशिदीच्या जतनासाठी भारतीय तज्ज्ञ पूर्वीही तेथे गेले होते आणि जून २०१९ मध्ये भारत सरकारने तिच्या संवर्धनासाठी मदत जाहीर केली. मालदीवमधील निवडक प्रवाळी मशिदींची नावे २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. ज्या किनाऱ्यावरून एकेकाळी आरमारे निघाली, त्याच किनाऱ्यावरून आता दगड सांभाळणारे हात जातात, ही लहान गोष्ट नव्हे.

निघताना त्या तरुण शिक्षकाने विचारले, "तुमच्या गावात पोर्तुगीज गेल्यावर ख्रिस्ती लोकांचे काय झाले?"

आम्ही त्याला वसईची हकीकत सांगितली. करार, पडका किल्ला, किल्ल्याबाहेरची गावे, आजही भरणारी चर्चे. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुमचे लोक पोर्तुगीजांचे नव्हते."

"नव्हते," आम्ही म्हटले. "हे कळायला आम्हालाही बराच काळ लागला."

तेवढ्यात अजान झाली. तो उठला, हात जोडल्यासारखे करून आमचा निरोप घेतला, आणि वजू करण्यासाठी हौदाकडे गेला. आम्ही पादत्राणे घालून फाटकाबाहेर आलो. उघड्या दारातून आतल्या रांगा दिसत होत्या. भिंतींना तिरप्या, कोपऱ्याकडे तोंड केलेल्या. चारशे वर्षे होत आली, ती माणसे रोज पाच वेळा जुन्या पायावर उभी राहून आपली दिशा नीट करून घेत आहेत. आमच्या पायाखालीही जुना पाया आहे. तो उखडता येत नाही आणि नाकारताही येत नाही. त्यावर उभे राहून प्रभूकडे तोंड करणे मात्र आमच्या हाती आहे.

त्या संध्याकाळी धक्क्यावर बसून आम्ही पुन्हा रोझरी म्हटली, मनातल्या मनात. एक भेद सुलतान अलीसाठी, एक दोम मानुएलसाठी, एक ठाकुरुफानुसाठी, एक अंदिरिनसाठी. पाचवा त्या भिक्षूंसाठी, ज्यांची नावे कोणत्याही ताम्रपटावर उरली नाहीत.